चढणीचा मासा



गेल्या पंधरवड्यात गंगापूर तालुक्यातल्या एका गावी खरिपाच्या बैठकीला गेलो होतो. बियाण्याचे बोलणे संपले, चहा आला, तेवढ्यात घरच्या आजोबांनी कॅनडात नोकरीला असलेल्या नातवाचा फोटो पुढे केला. नातू बोटीवर उभा, दोन्ही हातांवर आडवा मासा. पंधरा किलोंचा तरी असेल. आजोबा म्हणाले, "सायेब, तिथं म्हणं पैसे भरून मासा धरतेत. गळ टाकायला बी कोणी पैसे देतं का?"

देतात, आणि चांगले घसघशीत देतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पाहुणे अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी बोट भाड्याने घेतात. बोटीबरोबर पाण्याचा जाणकार तांडेल येतो. शिशाचा चार-पाच किलोंचा गोळा तारेने खोल सोडतात, गळाची दोरी त्याला अडकवतात आणि बोट बैलगाडीच्या चालीने हाकतात. मासा लागला की दोरी गोळ्यापासून सुटते आणि पुढे माणूस विरुद्ध मासा. हा मासा म्हणजे साल्मन. त्याच्यातली सर्वांत मोठी जात चिनूक. तीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंच्या वरच्या चिनूकला तिथे 'टाई' असा मानाचा किताब आहे. कॅम्पबेल रिव्हर गावात १९२४ साली स्थापन झालेला टाई क्लब आहे. त्याचे सभासद वल्ह्याच्या होडीतूनच हा मासा धरतात, इंजिन चालत नाही. (मुंबईत ज्याला 'इंडियन साल्मन' म्हणून वाढतात तो आपला रावस. त्याचे आणि याचे नाते नाही.)

पण पैसे भरले म्हणजे वाटेल तेवढे धरता येतात असे नाही. परवाना लागतो. साल्मनसाठीच्या गळाला उलटा काटा नसावा लागतो, म्हणजे सोडायचा मासा फारशी इजा न होता सुटतो. बऱ्याच भागांत ६२ सेंटिमीटरहून लहान चिनूक परत पाण्यात सोडावा लागतो. दिवसाला किती ठेवायचे हे ठरलेले, आणि ठेवलेल्या मोठ्या चिनूकची नोंद तिथल्या तिथे परवान्यावर करायची. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "येवढं लिवत बसल्यावर मासा धरायचा कवा?"

हे सगळे कशासाठी, तर साल्मनच्या जन्माची गोष्ट तशी आहे. तो नदीच्या गोट्यांत जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, काही वर्षे तिथे पोसतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीला चढतो. चढताना काही खात नाही. अंडी घातली की मरतो. वाट अडली तर वंश तिथेच थांबतो. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३८ च्या बॉनविल धरणाला माशांसाठी पायऱ्या ठेवल्या होत्या. पुढे १९४२ मध्ये पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणाला त्या ठेवल्या नाहीत, आणि त्याच्या वरच्या पात्रात साल्मन येणेच थांबले.

आता आपल्याकडे या. आपला मासा समुद्रातून येत नाही, पण चढतो तोही. मृगाचा पहिला पूर आला की रोहू, कटला, मृगळ गढूळ वाहत्या पाण्यात वर सरकतात आणि पुराच्या पाण्यातच अंडी सोडतात. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून तर १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावले, तेव्हा देशभर मत्स्यबीज तयार करण्याची वाट मोकळी झाली. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस त्याच कामाची आठवण आहे. नाथसागरातही मत्स्यबीज बाहेरून सोडावे लागते. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले, तेव्हापासून भोई-कोळी बांधवांच्या कितीतरी चुली या पाण्यावर पेटतात.

मी शिवनेकाठचा. लहानपणी पहिल्या पुराला आम्ही पोरे काठ्या, धोतराचे पदर, फुटक्या टोपल्या घेऊन ओढ्यात उतरायचो. चढणीचा मासा पळत नाही, त्याचे ध्यान वरच असते. एका वर्षी आईने एक रोहू चिरला तर अर्धी परात गाभोळीनेच भरली. आम्ही नाचलो. चवही अजून आठवते, खोटे कशाला बोलू? पुढे कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा कळले, रोहूच्या मादीत किलोभर वजनामागे लाखाच्या वर अंडी असतात. त्या परातीचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता आणि पान फाडून टाकले होते. त्या ओढ्याला आता पूर येतो, मासा येत नाही. त्याला कारणे पुष्कळ आहेत. आमची परात त्यातली एक.

बंधाऱ्याची गोष्ट मात्र आजही हातातली आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या पाट्या पावसाळ्याआधी काढायच्या असतात. त्या तशाच राहिल्या तर गाळ साचतो, काठ फुटतो हे आपण जाणतो. पण पायथ्याशी तटलेला मासा पुढे जात नाही आणि गावाला तो आयता सापडतो, हे नुकसान कोणी धरत नाही. पाट्या निघाल्या आणि पहिले दोन-तीन पूर जाळे-काठी घरात राहिली, तर तो वर जाऊन मोकळा होतो. परतीला धरा की! तेव्हा गळ टाकायला मीही येईन.

चहा झाल्यावर आजोबांना घेऊन त्यांच्या बंधाऱ्यावर गेलो. सात गाळ्यांपैकी तिनांत पाट्या तशाच होत्या, गंजून बसलेल्या. सरपंचांनी दोन तरुण आणि पहार पाठवतो म्हटले आहे. आजोबा मात्र वेगळ्याच चिंतेत होते. "पाट्या निघतील वो. पर पूर आल्यावर ह्या पोरास्नी घरात कोन कोंडनार?"