दुष्काळ आणि दुष्काळसदृश

शब्द हे केवळ विचारांचें वाहन होत, वाहन कोणतेंहि असो, माल एकच, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. ती किती महाग पडते हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अलंकारशास्त्राचे ग्रंथ उघडण्याचें कारण नाहीं. सरकारी निर्णयांत पुनःपुन्हां येणारा ‘दुष्काळसदृश’ हा एकच शब्द घ्यावा.

या शब्दामागें मोठा इतिहास आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी अमदानींत दुष्काळसंहिता तयार झाल्या. दुष्काळ जाहीर झाला कीं कामें काढणें व निराधारांस पोसणें हें अधिकाऱ्यांचें कर्तव्य ठरे. म्हणजे तो शब्द उच्चारणें हेंच जबाबदारी पत्करणें होतें. १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें मेलीं, तरी तेथील सरकारनें संहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर केला नाहीं. परक्या राजवटीची गोष्ट सोडून देऊं. स्वराज्यांत, १९६३ सालीं, महाराष्ट्र राज्यानें एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला व त्याच्या जागीं ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द बसविला. आतां राज्यांत दुष्काळास वाव उरला नाहीं, ही त्यामागील भूमिका. नऊ वर्षांनीं १९७२ चा दुष्काळ आला. त्यानें तो कायदा वाचलेला नव्हता!

लोकांनीं मात्र त्याला त्याच्या नांवानेंच ओळखलें. आमच्या मेहकराकडील म्हातारीं माणसें आजहि ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. टंचाई साखरेची होते, रॉकेलची होते; माल आला कीं ती सरते. दुष्काळांत गुरें विकावीं लागतात, घरास कुलूप घालून बाहेर पडावें लागतें, मुलीचें लग्न पुढें ढकलावें लागतें. ‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण भाषेनें उगीच घडविली नाहीं. तींत ‘टंचाई’ घालून पाहावी. म्हण तेथल्या तेथें मरते.

‘सदृश’ हा तर टंचाईच्याहि पुढचा मजला आहे. सादृश्य दोन भिन्न वस्तूंतच संभवतें. मुख चंद्रासारखें आहे असें म्हणणारा कवि मुख म्हणजे चंद्र नव्हे हेंच आधीं गृहीत धरतो. तेव्हां ‘दुष्काळसदृश परिस्थिति’ याचा व्याकरणशुद्ध अर्थ ‘हा दुष्काळ नव्हे’ असा होतो. शेतकऱ्याच्या करपलेल्या पिकाला उपमालंकार चढविण्याचा हा प्रकार आहे. २०१६ च्या मे महिन्यांत, मुंबई उच्च न्यायालयांत प्रकरण चालू असतां, राज्य सरकारला सुमारें २९ हजार गांवांविषयीं ‘दुष्काळसदृश’ याच्या जागीं ‘दुष्काळ’ असें वाचावें, हें मान्य करावें लागलें. एक प्रत्यय गळावयास न्यायालयाची पायरी चढावी लागली! तरी शब्द मेला नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढें नोव्हेंबरांत १,०२१ महसुली मंडळांच्या वांट्यास पुन्हां ‘दुष्काळसदृश’च आलें. त्या ४० तालुक्यांत आमच्या शेजारचा लोणार होता, मेहकर नव्हता. तालुक्याची शीव तहसिलदारास ठाऊक असते, ढगास नसते.

कोणी म्हणेल, कारभाराला काटेकोर परिभाषा लागते. आम्हांस हें मान्य आहे. पण काटेकोरपणा मोजमापांत असतो. पाऊस किती मिलिमीटर पडला, पैसेवारी पन्नासांच्या आंत आहे कीं बाहेर, हें सांगावें. ‘सदृश’ हें कोणत्या मापाचें नांव आहे? दुसरा म्हणेल, बऱ्याच सवलती तर दिल्याच आहेत, मग शब्दासाठीं भांडण कां? आम्ही उलट विचारतों, सवलती द्यावयाच्याच आहेत, तर शब्दाचें भय कां? भय आहे तें शब्दामागून येणाऱ्या हक्काचें. याच राज्यानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. ‘मदत’ न म्हणतां ‘हमी’ म्हटलें, आणि काम मागणारा याचक न राहतां हक्कदार झाला. योग्य शब्दाचें सामर्थ्य सरकारास ठाऊक नाहीं असें मुळींच नव्हे.

परंतु आमचा खरा रोख सरकारवर नाहीं, आमच्याच वर्गावर आहे. सरकारी शब्द कचेरींतून वर्तमानपत्रांत, तेथून आपल्या दिवाणखान्यांत येतो. आपण ‘दुष्काळसदृश’ असें सहज बोलतों, आणि बोलतां बोलतां आपलें दुःखहि दुःखसदृश होतें. ज्याला दुष्काळ म्हटलें असतें त्याच्यासाठीं आपण चार पैसे काढले असते, दोन पत्रें लिहिलीं असतीं, निदान घांस घेतांना थबकलों असतों. टंचाईला कोणी थबकत नाहीं. सरकारच्या लेखणीवर आपली सत्ता नाहीं, पण स्वतःच्या जिभेवर आहे. घरीं, शाळेंत, सभेंत, पत्रांत आपण दुष्काळास दुष्काळच म्हणूं. एवढें तरी वाचकांनीं करावें, अशी आमची मागणी आहे.