प्रेयस आणि श्रेयस

मा. संपादक,

सुख आणि आनंद यांत भेद नाही व स्वतःच्या बोअरचे पाणी वाटेल तसे वापरणे हा खासगी प्रश्न आहे, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन टिकणारे नाही. प्रेयस, म्हणजे तत्काळ आवडणारे, आणि श्रेयस, म्हणजे अंती हिताचे, हा भेद कठोपनिषदाने पूर्वीच सांगितला आहे. लातूरची पाणीटंचाई केवळ कमी पावसाने आणली, हे लेखातील म्हणणे तर अर्धसत्य आहे. मांजरा धरणाच्या परिसरात बारमाही पाणी लागणारा ऊस वाढत गेला, आणि २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली व १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी आणावे लागले. शिवाय बोअर हा केवळ खासगी प्रश्न नाही: शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानेच मनाई आहे. लेखकाने ही दुरुस्ती प्रसिद्ध करावी.

— एक वाचक, लातूर