मागच्या भिंतीला भोक कशासाठी असतं?

जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या जाहिरातींत एक कौतुकाचा शब्द असतो, 'न वापरलेलं'. पुठ्ठ्याच्या ख्रिसमस-घरांच्या बाबतीत ही मंडळी आणखी एक पायरी वर चढतात आणि 'यात कधीही दिवा लावलेला नाही' असं लिहितात. किंमत त्यानुसार वाढते. माझ्या मते ती कमी व्हायला हवी.

ही घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 1920 च्या दशकाच्या शेवटापासून जपानमध्ये तयार झालेली, तळहातावर मावणारी पुठ्ठ्याची घरं अमेरिकेतल्या पाच-दहा सेंटच्या दुकानांत विकली जायची. छपरावर चमकीचा बर्फ, खिडक्यांना रंगीत सेलोफेन, कधी पुढे एवढंसं अंगण, कुंपण आणि एखादं झाड. ते झाड कशाचं, तर रंगवलेल्या घोसाळ्याच्या जाळीचं! आपण ज्याने अंग घासतो, त्याचंच. नाताळच्या झाडाखाली अशा घरांचं गाव मांडायचं. पेनसिल्व्हेनियातल्या मोरेव्हियन लोकांची झाडाखाली देखावा मांडायची प्रथा जुनी. त्याला ते 'पुट्झ' म्हणतात, म्हणून ही 'पुट्झ घरं'. दुसऱ्या महायुद्धाने धंदा थांबला. युद्धानंतर काही वर्षं जपानी मालावर 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आला. घडी कुणी घातली, गोंद कुणी लावला, त्याचं नाव कुठेच नाही. देशाचं नाव तेवढं आहे, तेही अमेरिकी आयातीच्या नियमामुळे.

आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीला एक गोल भोक.

हे भोक दिव्याच्या माळेतला एक बल्ब आत सारण्यासाठी आहे. म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की हे घर उजेडाशिवाय अर्धं आहे. त्या काळच्या माळेत साधारण आठ बल्ब एकापाठोपाठ जोडलेले असत. अमेरिकेतल्या 120 व्होल्टचे आठ भाग, प्रत्येकाला 15 व्होल्ट. एक बल्ब गेला की आठही घरं अंधारात. मग कुठला गेला ते शोधायला एकेक काढून बघायचा. आता छप्पर चिकटवून बंद केलं असतं तर? माझ्यातला इंजिनिअर त्या भोकाला सलाम करतो: दुरुस्तीचा दरवाजा आणि गरम हवेची वाट, दोन्ही एकाच कापात. तरीही संग्राहक ते भिंतीकडे वळवून काचेच्या कपाटात ठेवणार, आणि त्याला जतन म्हणणार.

आपल्याकडे या वृत्तीची ओळख करून द्यायला नको. सोफ्याचं प्लॅस्टिक न काढणारी, रिमोटला पिशवी घालणारी माणसं प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांची मी चेष्टा करत नाही, पैसे मोजून आणलेली वस्तू टिकावी असं कुणालाही वाटतं. पण दिवाळीचा कंदील आठवा. बांबूच्या कामट्या बांधायच्या, पतंगी कागद चिकटवायचा, पावसाळा आला की सांगाडा तेवढा माळ्यावर. कागद दरवर्षी नवा, आणि म्हणूनच दरवर्षी कुणीतरी पोर कामट्या बांधायला शिकायचं. एखाद्या पिढीने तो कंदील बबल-रॅपमध्ये गुंडाळून ठेवला असता, तर कंदील उरला असता आणि बांधणारा गेला असता. (तसा तो गेलाच, पण त्याला घडीचे प्लॅस्टिकचे कंदील कारण झाले. तो वाद वेगळा.)

दुसरी एक टोळी आहे, ती मला पहिलीपेक्षा जास्त धोकादायक वाटते. यांना दिवा हवा, पण 'अस्सल'. म्हणजे तोच जुना तारेचा बल्ब, तीच जुनी माळ. अहो, तो बल्ब घेतलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता म्हणून बाहेर टाकतो. माळेच्या वायरचं आवरण सत्तर-ऐंशी वर्षांत तडकलेलं असतं. त्यात पुठ्ठा वाळून खडखडीत, सेलोफेन ठिसूळ. अस्सलपणाच्या नावाखाली आग लावण्यात कसली परंपरा? बनवणाऱ्यांनी त्यांच्या काळात दुकानात सहज मिळणारा दिवा वापरला. आज सहज मिळणारा दिवा एलईडी आहे.

पुढचा आक्षेप नेहमीचा: 'नवीन बनवलं तर ती नक्कल झाली.' मूळ घर तरी काय होतं? साच्याने कापलेल्या पुठ्ठ्याची हजारोंतली एक प्रत. ज्याचं अस्तित्वच प्रतींत आहे, त्याची आणखी एक प्रत काढली तर बिघडलं काय? एक मान्य करतो. उजेडाने जुने रंग उडतात, आणि शेवटचाच नमुना उरला असेल तर तो संग्रहालयात मंद प्रकाशात राहू दे. पण आपल्यापैकी कुणाकडे तसा नमुना नाही. आपल्याकडे आहे ते चार डॉलरचं, एक खिडकी फाटलेलं घर.

मी पेनसिल्व्हेनियातच नोकरी करतो, त्यामुळे अशी घरं जुन्या बाजारात हाताला लागतात. ती मी उकलत नाही. पट्टीने मापं घेतो, चार भिंती आणि छप्पर सपाट कागदावर उलगडून काढतो आणि दीड मिलिमीटरच्या राखाडी पुठ्ठ्यावर उतरवतो. खिडक्या घडी घालण्याआधी कापायच्या. एकदा भिंती उभ्या राहिल्या की ब्लेड कोपऱ्यात पोचत नाही. घडीच्या रेषेवर बाहेरून अर्ध्या जाडीएवढाच काप. पातळ कागद असेल तर शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून ओढलेली रेघ पुरते. खिडकीला आतून रंगीत सेलोफेन, त्यामागे ट्रेसिंग पेपर. नाहीतर आतला दिवा टिंब म्हणून दिसतो आणि घरात कुणीतरी मोबाइलचा टॉर्च विसरल्यासारखं वाटतं.

एलईडीबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. तो निळसर पांढरा घेतला तर घराचं ऑपरेशन थिएटर होतं. 'वॉर्म व्हाइट' घ्या. जुन्या बल्बचा उजेड चहूकडे पसरायचा, एलईडीचा समोर झोत पडतो. म्हणून त्याचं डोकं पॉलिश पेपरने घासून धुरकट करा आणि तोंड छपराच्या आतल्या बाजूकडे वळवा. तीन पेन्सिल सेल म्हणजे साडेचार व्होल्ट. एलईडीला साधारण तीन लागतात. उरलेल्या दीड व्होल्टसाठी 300 ओहमचा रेझिस्टर लावला की पाच मिलिअँपिअर वाहतात. हे फार कमी वाटेल, पण या घराला तेवढंच शोभतं. वीस मिलिअँपिअरला खिडक्या किंचाळतात.

हे सगळं बाजारातल्या तयार किटमध्ये मिळतं, लेझरने कापलेलं, दिव्यासकट. घ्या हवं तर. पण त्यात भिंतीची जाडी तुम्ही ठरवलेली नसते, आणि जाडी किती महत्त्वाची हे दिवा लावल्याशिवाय कळतच नाही. नेहमीच्या कार्डपेपरचं घर केलं तर भिंतीच पेटल्यासारख्या उजळतात. ते दिसायला सुंदर असतं, पण तो झाला कंदील. घराची गंमत अशी की भिंती अंधारात राहाव्यात आणि फक्त खिडक्या जाग्या असाव्यात, म्हणजे आत कुणीतरी आहे असं वाटतं. जाड पुठ्ठ्याने जुन्या घरांत ते आपोआप साधलं होतं. पातळ कागद वापरायचाच असेल तर आतून काळा रंग द्या, त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल. तारेचे उघडे जोड फॉइलला लागू देऊ नका.

मग खोलीतले दिवे बंद करा, घर डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि हळूहळू फिरवा. छप्पर आणि भिंत जिथे भेटतात तिथे केसाएवढी उजेडाची रेघ हमखास दिसते. तिथे काळ्या कागदाची पट्टी लावायची, आतून. हात जाण्यापुरती जागा मागच्या भोकातून मिळत नाही, म्हणून छपराची एक बाजू शेवटपर्यंत चिकटवू नका.