घरी वळलेली कॉइल म्हणे शुद्ध!



मागच्या वेळी पावसाळ्यातल्या पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, आणि बाजारच्या तयार पिठापेक्षा घरचं दळण का बरं, हे सगळं. बऱ्याच जणींना आवडलं. आज मात्र मी बरोबर उलटं सांगणार आहे. एक वस्तू अशी आहे की ती घरी करू नये, घ्यावीच लागली तर दुकानातूनच आणावी. वस्तूचं नाव ऐकून म्हणाल, हे आपल्या घरात कुठलं? माझ्या घरात होतं, आणि त्याला कापूस मीच पुरवला.

माझा धाकटा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथे गेल्यावर त्याला सिगारेट लागली. तीन वर्षांपूर्वी ती सोडून त्यानं व्हेप घेतलं, म्हणजे ई-सिगारेट. तिथे ते कायदेशीर आहे, आणि सिगारेट सोडणाऱ्याला सरकारी आरोग्यसेवाही त्याचा सल्ला देते. सिगारेट सुटली म्हणून मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे होते. 1 जून 2025 पासून तिथे वापरून फेकून द्यायच्या व्हेपवर बंदी आली, त्यामुळे पुन्हा भरायची उपकरणं आणि त्यातल्या कॉइल हाच मुलांच्या बोलण्यातला विषय.

कॉइल म्हणजे काय? पूर्वी आपल्याकडे विजेच्या शेगडीत तारेची स्प्रिंग लाल व्हायची, तिचंच हे नखाएवढं पिल्लू. तारेच्या वेढ्यातून कापूस ओवलेला असतो, कापूस द्रव शोषतो, तार तापते, वाफ होते, ती ओढायची. कापूस जळला की कॉइल बदलायची. तयार मिळते, किंवा तार आणून घरी वळता येते.

आमचे चिरंजीव घरी वळू लागले होते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरायचा. त्यावर कांथल नावाच्या तारेचं रीळ, चिमटे, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, रोध मोजायचं यंत्र. तीन मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे, एकाला एक चिकटून. मी कौतुकानं बघत बसले. म्हणाला, "आई, दुकानातल्या कॉइलमध्ये कसला कापूस घालतात कुणास ठाऊक. घरची आपली शुद्ध, शिवाय स्वस्त." घरची, शुद्ध, स्वस्त! हे तीन शब्द ऐकल्यावर आपल्यापैकी कोण विरघळणार नाही? आरतीच्या वातींसाठी सांगलीहून नेलेला कापूस माझ्या बॅगेत होता. मी त्याला तो दिला, आणि वर दाखवलं की वात कशी वळायची, मध्ये गाठ येऊ न देता.

दोन-तीन रविवार असेच गेले. तिथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे, जुन्या चर्चच्या इमारतीत, 1988 साली प्रतिष्ठा झालेलं. एका छताखाली दिगंबर, श्वेतांबर सगळे. रविवारी तो मला तिथे न्यायचा. चौथ्या रविवारी म्हणाला, "आज तू सूनबाईबरोबर जा, माझं एक बिल्ड अर्धवट आहे." देवळापुढे अर्धवट काम! तेव्हा माझे डोळे उघडले आणि मी वही घेऊन बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण जमाखर्च अजून येतो.

त्याच्याच पावत्या. तयार कॉइलचं पाचाचं पाकीट 12 पौंडांना, म्हणजे एक 2 पौंड 40 पेन्सला. पंधरा दिवसांना एक, वर्षाला 26, खर्च 62 पौंड 40 पेन्स. घरची? दहा मीटर तार 5 पौंडांना, एका कॉइलला जेमतेम दहा सेंटिमीटर. पाच पेन्स! इथपर्यंत मुलगा जिंकला. पण घरची कॉइल जुन्या उपकरणात बसत नाही. नवी टाकी 32, नवं उपकरण 45, दोन बॅटऱ्या आणि चार्जर 31, हत्यारं आणि मोजयंत्र 20. झाले 128. दोन वर्षांची बचत उंबऱ्यातच गेली.

खरी गंमत पुढे आहे. घरी वळणारे जाड तारेची, कमी रोधाची कॉइल करतात, म्हणजे वाफ जास्त येते. वाफ जास्त म्हणजे द्रवही जास्त लागतो. आधी त्याला दहा मिलिलिटरची बाटली आठवडाभर पुरायची, 4 पौंडांची. आता दहा दिवसांत साठ मिलिलिटर, 14 पौंड. वर्षाचे आधी 208 होत होते, आता 504. स्वस्त!

मी हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "पण निकोटिन बघ ना किती उतरवलं. बारा मिलिग्रॅमवरून तीनवर आलोय." हे आकडे दर मिलिलिटरचे, मैत्रिणींनो. आधी आठवड्याला दहा मिलिलिटर गुणिले बारा, 120 मिलिग्रॅम. आता दहा दिवसांत साठ गुणिले तीन, 180, म्हणजे आठवड्याला 126. पाणी घालून ताक वाढवलं, लोणी तेवढंच. उलट चमचाभर जास्त. यावर तो गप्प बसला. तो आकड्यांचा मुलगा आहे, माझ्यावरच गेलाय.

आता धोक्याचं. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब 4.2 व्होल्ट. भागिले रोध म्हणजे प्रवाह. अर्ध्या ओहमच्या कॉइलला 8.4 अँपिअर, 0.2 च्या कॉइलला 21, आणि वळताना चूक होऊन 0.1 झाली तर 42. खिशात मावणाऱ्या बॅटरीला हे झेपायचं कसं? चांगल्या उपकरणात चिप असते, ती अशा वेळी बंद पाडते. पण घरी वळणाऱ्यांतल्या शौकिनांना चिप नसलेली नुसती धातूची नळी आवडते. त्याच्या एका मित्राकडे मी ती पाहिली. आपल्याकडे कुणी फ्यूजच्या जागी जाड तार घालून ठेवायचं, तसलाच हा प्रकार. 2018 साली अमेरिकेत फ्लोरिडात व्हेपच्या स्फोटात एक माणूस गेला. दुकानच्या कॉइलवर निदान रोध आणि किती वॅटपर्यंत चालवायची ते छापलेलं असतं, कापूस यंत्रानं भरलेला असतो. घरी कापूस सैल किंवा घट्ट भरला की तो कोरडा पडतो, आणि कोरडी कॉइल तापली की वाफेत फॉर्मल्डिहाइड, अॅक्रोलिन वाढतात. मग शुद्ध कापसाचं काय घेऊन बसलात? (द्रव "शाकाहारी" असतो हेही त्यानं कौतुकानं सांगितलं. वनस्पतीचं ग्लिसरीन. चव मात्र अंड्याच्या कस्टर्डची!)

दुकानच्या कॉइलची मी वकिली करतेय असं वाटेल. तिच्यातही दोष आहेत. आत काय आहे ते उघडून दिसत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी धातूचा कचरा. पण तिच्यात एक मोठा गुण आहे, ती कंटाळवाणी आहे. पाकीट फोडा, बसवा, विसरा. ज्याला सिगारेट सोडून पुढे हेही सोडायचंय, त्याला हा कंटाळाच हवा. माझे सासरे तंबाखू खायचे. त्यांची चंची, अडकित्ता, पितळेची चुन्याची डबी, सगळं कसं लखलखीत! मुनीमहाराजांकडे नियम घेतला त्या दिवशी त्यांनी तंबाखूच्या आधी चंची देऊन टाकली. तेव्हा मी नवी सून, मला अर्थ कळला नव्हता. तंबाखूपेक्षा ती अर्ध्या तासाची मांडामांड माणसाला धरून ठेवते. पंचा, चिमटे, रीळ ही माझ्या लेकाची चंचीच होती.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला हिशेब आपण स्वाध्यायात कितीदा केलाय. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि कषाय चार. गुणाकार 108, जपमाळेचे मणी. संरंभ म्हणजे मनात ठरवणं, समारंभ म्हणजे साधनं जमवणं. विकत आणणारा सुटला असं मी म्हणत नाही, कारित त्याच्या खात्यात आहेच. पण घरी वळणाऱ्याचा समारंभ बघा! आणि वेढे सुरेख जमले की फोटो काढून मित्रांना पाठवायचा, तो मान कषाय वेगळाच.

आणि माझं खातं? अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे, घाताची साधनं दुसऱ्याला देणं. उदाहरण विचारलं की आपण तलवार, विष, अग्नी सांगून मोकळ्या होतो. मी आरतीच्या वातीचा कापूस दिला, आणि वात वळायला शिकवली.

ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत हे करतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्याला बंदी आहे, आणि उत्पादनात सुटे भाग बनवणं, जोडणंही येतं. उत्पादनाच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा इथे घरची की दुकानची हा प्रश्नच नाही. "माझा मुलगा किती हुशार, घरी करतो" असं भिशीत सांगू नका.

निघायच्या आधी मी लेकाला म्हटलं, "सोडणार असशील तर आजच सोड. नाहीतर जुनं उपकरण काढ, तयार कॉइल आण, आणि बाटलीवरचा आकडा दर दोन महिन्यांनी उतरव." तो चिडला. म्हणाला, "आई, हा माझा छंद आहे, तू त्याला पाप करून टाकलंस." दोन दिवस नीट बोलला नाही. विमानतळावरही गप्पच होता.

दिवाळीत फोन आला. म्हणाला, पाकीट आणलंय, बारावरून सहावर आलोय, आठवड्याला एकच बाटली. "पण बोअर होतं गं." मी म्हटलं, होऊ दे. हत्यारांचा डबा अजून कपाटावर आहे, हे सूनबाईनं हळूच सांगितलं. कापसाचं उरलेलं बंडल मात्र ती सेंटरमध्ये देऊन आली.