वाळू नसलेल्या बादल्या

आमच्या शाळेत जिन्याखाली चार लाल बादल्या टांगलेल्या असत. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शिपाई त्यांत वाळू भरायचा. एरवी खडूचे तुकडे आणि शेंगांची फोलपटं. रजिस्टरात मात्र बारा महिने 'तयारी पूर्ण'. सही कधी कधी माझीच असे. तेव्हा पुढचं सगळं मी सोवळं नेसून लिहितोय असं कुणी समजू नये.

अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलामाझू नावाची नदी आहे. २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची तीस इंची तेलवाहिनी फुटली. दूर कॅनडात, एडमंटनच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना येऊ लागल्या. तिथल्या मंडळींनी ठरवलं, वाहिनीत पोकळी झाली असेल. उपाय काय, तर पंप पुन्हा चालू करा. एकदा नाही, दोनदा! सांडलेल्या तेलापैकी ८१ टक्के या दोन खेपांतच बाहेर आलं. गावकऱ्यांना वास येत होता, त्यांनी फोनही केले होते. पण कंपनीला कळलं सतरा तासांनी, तेही दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसानं कळवलं म्हणून. तोवर सुमारे ३२ लाख लिटर तेल ओढ्यातून नदीत.

नियम नव्हते का? होते की! दहा मिनिटांत उलगडा झाला नाही तर वाहिनी बंद करायची, असा लेखी नियम होता. जिथे फुटली तिथला दोष २००५ च्या तपासणीत दिसला होता. आपत्कालीन आराखडाही सरकारमान्य होता. म्हणूनच 'आमचा आराखडा तयार आहे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, तयार कोण आहे? कागद की माणसं?

नदी समुद्रासारखी थांबत नाही. ओढ्यावर लगेच मातीचा बांध घालून त्यातून खालच्या अंगाला नळ काढला, तर पाणी खालून जातं आणि तेल वर अडतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल. तिथे पहिल्या तुकडीचं लक्ष मात्र खालच्या अंगाला, तरंगते अडसर लावण्याकडे. त्यात ते जड तेल, बरंचसं तळाशीच बसलं. तरंगणारा अडसर त्याला काय अडवणार? पुढे कित्येक वर्षं गाळ उपसत बसले.

परदेशाला नावं ठेवणं सोपं. आपली तेलगळतीची राष्ट्रीय योजना १९९६ ची, तटरक्षक दलाकडे, म्हणजे मुख्यतः समुद्रासाठी. आसामात बागजानला मे २०२० मध्ये विहीर उसळली, शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीत मासे मेले, आणि आग आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला.

मुंबईहून मनमाडकडे तेलवाहिनी जाते. तिच्या लगतच्या एखाद्या गावच्या पोलीस पाटलांना विचारा, पावसाळ्यात रात्री दोन वाजता ओढ्याला डिझेलचा वास आला तर पहिला फोन कुणाला करायचा? न चाचरता नंबर सांगितला, तर मला जरूर कळवा. मी हे लिखाण मागे घेईन.