बुरुजाआडचे सरकार

सातारा-सांगलीकडच्या नव्या सरकारी मुख्यालयांना ‘आपल्या मातीचा चेहरा’ हवा, असे एक विद्वान हल्ली सभांमधून सांगत फिरतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काचेच्या इमारती परक्या, सिमेंटच्या निर्जीव, म्हणून दर्शनी बाजूला दोन बुरूज, मध्ये महादरवाजा, वर नगारखाना, आत हेमाडपंती खांब. झाला वारसा. लिफ्ट मागच्या बाजूला.

काचेबद्दल त्यांचे बरोबर आहे. दहिवडीच्या उन्हात काचेची भिंत उभारणाऱ्याला मे महिनाभर तिच्यामागेच बसवावे. पण त्यावर उतारा म्हणून बुरूज?

येणारा माणूस शत्रू आहे असे गृहीत धरूनच बुरूज बांधतात. मराठी किल्ल्यांचे दरवाजे बुरुजांच्या कवेत, वळणावर लपवलेले असतात. चालून येणाऱ्याला धाव घ्यायला जागा मिळू नये आणि वरून त्याच्यावर नेमका मारा करता यावा, म्हणून. ही अक्कल किल्लेदाराची. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला जतहून पहाटेच्या एसटीने आलेल्या म्हातारीचा तिच्याशी काय संबंध? कचेरी म्हणजे किल्ला, हे तिला तीन हेलपाट्यांत कळलेलेच असते. ते आता तिला दगडात कोरून दाखवायचे! आणि दगड तरी कुठला? विटांवर सिमेंटचा गिलावा, गिलाव्यावर रेघा, रेघांवर काळा रंग. बेंगळुरूच्या विधानसौधाचा दाखला हे गृहस्थ हमखास देतात. १९५६ साली पूर्ण झालेली ती वास्तू आवडो न आवडो, तिथला ग्रॅनाइट खरा आहे, पाथरवटाच्या छिन्नीखालून गेलेला आहे. आपल्याकडे टेंडरमध्ये पाथरवटाच्या नावाने एक ओळ दाखवा.

   

आणि वारसा ‘प्राचीन’च हवा तर कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची: लहान खोल्या, निजायला दगडी ओटे, पाणी साठवायला पोढी. या विद्वानांच्या आराखड्यात यातले काही नाही. लेण्याला बुरूज नसतो ना!

शिवाय हा एकच चेहरा कुठे कुठे चिकटवणार? एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीत इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. हरभट रोड, मारुती चौक पाण्याखाली. त्या गावात कचेरीच्या नकाशावर पहिला आकडा जोत्याच्या उंचीचा हवा, कमानीच्या नव्हे.

इमारतीला रुबाब हवा, नाहीतर लोक सरकारला जुमानत नाहीत, हाही एक मुद्दा. १९४२ नंतर तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. त्यासाठी रुबाबदार इमारत लागली नाही.

मग बांधायचे काय? वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तो एप्रिलच्या दुपारी आत जाऊन पाहावा. चौक, चौकाभोवती सोपे, जाड भिंती, उजेड आणि वारा आतल्या बाजूने. साताऱ्याजवळ लिंबला १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारामोटेची विहीर आहे. पाणी उपसण्याची सोय आणि बसायचा महाल तिथे एकाच बांधकामात बसवले आहेत. दोन्हींतून जे घ्यायचे ते चौरंगी पोस्टरवर दिसणार नाही: रांगेतल्या माणसाला सावली, टेकायला ओटा, पावसाच्या पाण्याला टाकी, आणि स्थानिक दगड लावायचा तर तो वजन पेलण्यासाठी. माझी यादी एवढीच, आणि ती आकर्षक नाही हे मलाही दिसते. उद्घाटनाच्या फोटोत ओटा उठून दिसत नाही.

पुढच्या सभेत महादरवाजाचे चित्र पडद्यावर आले की त्या विद्वानांना कोणीतरी विचारावे, या नकाशात बायकांचे स्वच्छतागृह कुठे आहे.