सायलेन्सर काढल्याने ताकद वाढते का?

मोठा आवाज करीत एखादी मोटार रस्त्यावरून गेली की आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो? ‘काय जोरदार गाडी आहे!’ गाडीचा वेग आपण मोजलेला नसतो, आवाज मात्र कानावर आदळलेला असतो. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट, फोर्ड मस्टँग अशा वेगवान गाड्यांचे काही हौशी मालक सायलेन्सर कापून काढतात आणि त्या जागी सरळ नळी जोडून घेतात. (तिकडे त्याला मफलर म्हणतात, आपण इंग्रजांचा शब्द उचलला.) आपल्याकडे हाच उद्योग बुलेट मोटारसायकलींवर चालतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : सायलेन्सरमुळे एंजिनचा श्वास कोंडतो, तो काढला की ताकद मोकळी होते.

विद्यार्थी मित्रांनो, या उत्तरात तथ्य किती, हे शाळेतल्या भौतिकीच्या आधारे तुम्हाला तपासता येईल. माझे मत आधीच सांगून टाकतो. त्यात तथ्य आहे, पण अगदी थोडे. आणि त्या थोड्यासाठी मोजावी लागणारी किंमत गाडीचा मालक देत नाही, भलतीच माणसे देतात.

प्रथम आवाजाचा हिशेब करू. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा आवाज १५ मीटरांवर १०० डेसिबेल भरला असे समजा. याचा अर्थ, तेथे दर चौरस मीटरमधून ०.०१ वॉट ध्वनिशक्ती जात आहे. आता गाडीभोवती १५ मीटर त्रिज्येचा अर्धगोल कल्पा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४१४ चौरस मीटर. गुणाकार केला तर उत्तर येते १४ वॉट! कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्याची शक्ती घरातल्या एका एलईडी दिव्याच्या विजेइतकी. ४३० अश्वशक्तीचे एंजिन सुमारे ३,२०,००० वॉट देते. त्याच्या वीस हजारांश भागाहूनही कमी शक्ती आवाजात जाते. तेव्हा आवाज दाबल्याने ताकद दाबली जाते, ही समजूत निकालात निघाली. आपला कान विलक्षण संवेदनशील आहे, म्हणून एवढीशी शक्तीही आपल्याला प्रचंड वाटते.

मग सायलेन्सर कशातच आड येत नाही का? येतो, पण आवाजामुळे नव्हे, वायूच्या प्रवाहामुळे. सिलिंडरमधून बाहेर पडणारे तप्त वायू अरुंद वाटांनी, वळणे घेत न्यावे लागले तर त्यांना ढकलण्यात दट्ट्याची काही शक्ती खर्ची पडते. सायलेन्सरचे मुख्य प्रकार दोन. एकात लहानमोठे कप्पे असतात. ध्वनितरंग त्यांच्या भिंतींवरून परावर्तित होऊन एकमेकांना मारतात. अशा रचनेत वायूला बहुधा वळसे पडतात. दुसऱ्या प्रकारात नळी सरळच असते, पण तिला असंख्य भोके पाडलेली असतात आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली असते. वायू नळीतून सरळ निघून जातो; ध्वनी मात्र भोकांतून लोकरीत शिरतो आणि तेथे त्याची उष्णता होते. म्हणजे वाट न अडवता आवाज अडवता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता ताकदीची खरी गंमत कोठे आहे ते पाहू. एंजिनमधून वायू संथ धारेने येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. निष्कास झडप उघडताच दाबाचा एक तरंग नळीतून धावतो. नळीच्या उघड्या टोकाशी, किंवा ती एकदम रुंद होते तेथे, त्याचे परावर्तन होते आणि विरळ दाबाचा तरंग उलट झडपेकडे येतो. तो नेमक्या वेळी पोहोचला तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू ओढून घेतो आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. तरंगाला फेऱ्याच्या एक तृतीयांश वेळात परत यायचे आहे, आणि तप्त वायूत ध्वनीचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ५०० मीटर आहे, असे धरा. जाऊनयेऊन अंतर झाले सुमारे १.६७ मीटर, म्हणजे नळी हवी सुमारे ८३ सेंटिमीटर लांब. एंजिनला लागूनच असलेल्या नळ्यांची ही लांबी झाली. सायलेन्सर तेथून कितीतरी मागे, गाडीच्या शेपटाशी बसलेला असतो. त्याला कापून हा जमाखर्च फारसा बदलत नाही. (‘एंजिनला थोडा उलटा दाब हवाच असतो’ असे सांगणारेही भेटतात. तेही खरे नाही. हवा असतो तो वेळेवर परतणारा तरंग.)

प्रत्यक्ष आकडे काय म्हणतात? कॉर्व्हेटच्या कारखान्यानेच ते दिलेले आहेत. २००८ सालच्या गाडीतील ६.२ लिटरचे एंजिन ४३० अश्वशक्तीचे होते. जादा पैसे देऊन वेगळी निष्कास रचना घेतली, की ज्यात एंजिन जोरात फिरू लागताच झडपा उघडून वायूला मोकळी वाट मिळते, तर ती ४३६ होई. २०१४ च्या गाडीत ४५५ ची ४६०; २०२० च्या गाडीत ४९० ची ४९५. म्हणजे लाभ शेकडा एक ते दीड. सायलेन्सर पुरताच काढला तर आणखी थोडी भर पडेल, हे मान्य. टर्बो असलेल्या गाडीत जरा जास्त. पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांत नळ्या अरुंद आणि सायलेन्सर कोंदट असत, तेव्हा बदलाचा फरक चांगलाच जाणवे. ही समजूत रुजली ती तेव्हापासून असावी.

आवाज आणि ताकद यांची फारकत पाहायची तर फॉर्म्युला वन शर्यतीकडे पाहा. २०१३ पर्यंत तेथे २.४ लिटरची आठ सिलिंडरांची एंजिने मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत किंचाळत. २०१४ पासून १.६ लिटरची सहा सिलिंडरांची, टर्बो व विजेची जोड असलेली एंजिने आली. टर्बोचे चक्र निष्कास वायूतूनच ऊर्जा काढून घेते, त्यामुळे आवाज खाली आला आणि प्रेक्षक नाराज झाले. त्या वर्षी मे महिन्यात बार्सिलोना येथे मर्सिडीजने गाडीच्या मागे चक्क कर्णा लावून पाहिला. अपेक्षेइतका आवाज काही वाढला नाही. पण २०१७ मध्ये याच कंपनीने जाहीर केले, की तिच्या एंजिनाने चाचणीत इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जेचे कार्यात रूपांतर केले. मोटारीच्या इतिहासातील इतके मोठे यश मिळाले, तेव्हा लोक कर्ण्याची चिंता करीत होते!

आता किंमत. कानातील ज्या केसपेशी ध्वनी टिपतात त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलांत आठ तासांपर्यंत काम करावे, आणि दर ३ डेसिबेल वाढीला हा काळ निम्मा करावा. १०० डेसिबेलांना तो पंधरा मिनिटांवर येतो. रात्री झोपलेल्या तान्ह्या मुलाला किंवा आजाऱ्याला दचकवायला तर एवढ्या आवाजाचीही गरज नसते. म्हणूनच कॅलिफोर्नियात साध्या मोटारींना ९५ डेसिबेलांची मर्यादा आहे, आणि तेथील लागुना सेका या शर्यतीच्या मार्गावरसुद्धा आवाज मोजून हद्द ओलांडणाऱ्याला बाहेर काढतात. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. जप्त केलेले कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. मला स्वतःला रोडरोलरपेक्षा वर्गातला फळा अधिक उपयोगी वाटतो, पण तो भाग वेगळा.

सायलेन्सर बदलण्याला माझा विरोध नाही. जुन्याऐवजी चांगली, मोकळी वाट देणारी आणि नियमात बसणारी रचना निवडणे हे अभियांत्रिकीचे काम आहे. ते करणाऱ्याने एंजिनची शक्ती त्याच यंत्रावर, त्याच हवामानात, बदलापूर्वी आणि बदलानंतर मोजून घ्यावी. नुसते कापून टाकणाऱ्याने एक धोकाही जाणून घ्यावा. नळी गाडीखालीच संपली तर कार्बन मोनॉक्साइड बसण्याच्या जागेत शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो.

वाट न अडवता आवाज कसा अडतो, हे वर्गात पाहता येईल. हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी घ्या, तिला दाभणाने दोनशेएक भोके पाडा, भोवती कापसाचा जाड थर गुंडाळा आणि त्यावर मोठी नळी किंवा खोके बसवा. एका टोकाशी छोटा ध्वनिक्षेपक जाड कापडात गुंडाळून असा ठेवा, की आवाज नळीतूनच जाईल. दुसऱ्या टोकाशी आवाज ऐका. मग तशीच साधी, बिनभोकांची नळी लावून पुन्हा ऐका. एकदा खर्जातला सूर लावा, एकदा उंच. फरक कोणत्या सुरात जास्त पडतो तो वहीत नोंदवा. शेवटी दोन्ही नळ्यांतून फुंकर मारून कोणती अधिक अडते ते पाहा.